कडवीचा निळा बुंधा

मित्रांनो, मी एक जुनी, टवके उडालेली, प्लास्टरची अळंबी आहे. हसू नका. अळंबीने बोलावं हेच विचित्र, त्यात प्लास्टरच्या अळंबीने बोलावं म्हणजे कहर झाला, हे मलाही कळतं. पण या गावात माझ्याबद्दल इतक्या जणांनी इतकं बोलून घेतलं आहे, की आता एकदा मीही बोलून घेते. गोड बोलण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. ते खातं माझ्या बहिणीकडे होतं.

आम्ही दोघी बहिणी. जंगलात उगवणाऱ्या दोन खऱ्या अळंब्यांच्या आम्ही नकला. बाजारातली साधी अळंबी उलटी केली की छत्रीखाली पातळ पडदे दिसतात, वहीच्या पानांसारखे. आमच्या कुळात तसं नसतं. आमच्या छत्रीखाली बारीक दात असतात, दाट, खाली लोंबणारे. म्हणून आम्हाला दातेरी म्हणतात. दात असून आम्ही कुणाला चावत नाही, माणसंच आम्हाला चावतात.

माझ्या बहिणीला सगळे खवली म्हणतात आणि मला कडवी. खवली अंगाने थोराड. तिची छत्री वाढली तर ताटाएवढी होते, मध्ये खोलगट, आणि तिच्यावर जाड काळपट खवले असतात, टोकं वर उचललेली. माझी छत्री तिच्यापेक्षा लहान, खवले बारीक आणि अंगाला चिकटलेले. तिला उंच निमुळत्या झाडांची गर्द सावली लागते. मला चिडाचं, म्हणजे पाइनचं, झाड चालतं, म्हणून मी अशी चिडकी, असं म्हणणारेही आहेत. पण जंगल काही वाफे आखून ठेवत नाही. झाडं एकमेकांत मिसळतात, मग आम्हीही मिसळतो. तिचे खवले उन्हापावसाने झिजले, किंवा मी जरा जास्त वाढले, की चांगले चांगले फसतात.

मग उरतात दोनच खुणा. एक चव. खवली कोवळी असताना छान लागते, आणि वाळवून कुटली तर तिच्या चिमूटभर पुडीने पाण्यासारख्या सूपलाही चव येते. मी विषारी नाही, हे आधी सांगते. मला खाऊन कुणी मरत नाही. पण माझे दोन-चार तुकडे हंडाभर सूपची वाट लावतात. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच म्हणतात ना, ते म्हणणाऱ्याने मला चाखलं नव्हतं, नाहीतर बिचाऱ्या कारल्याला सोडून दिलं असतं. त्यात अडचण अशी, की मला एकदा जिभेला लावलं की बराच वेळ सगळंच कडू लागतं. म्हणून अळंब्या गोळा करणारे एका जागेवरची एकच चाखतात, थुंकून टाकतात आणि बाकीच्या डोळ्यांनी पारखतात.

डोळ्यांसाठी दुसरी खूण, दांड्याचा बुंधा. खवलीचा बुंधा पांढुरका किंवा तपकिरी. माझा निळसर हिरवा, शाई सांडल्यासारखा. मातीतून उपटल्याशिवाय तो दिसत नाही. माझ्याकडे दाखवण्यासारखं एवढंच एक, आणि तेही तळाला.

मला घडवलं एका साचेवाल्या म्हाताऱ्याने. आमच्या गावाला जंगल लागून आहे. पानगळीच्या दिवसांत लोक टोपल्या घेऊन जंगलात जात आणि काय काय उचलून आणत. त्यामुळे मंडईने एक तपासणीचं टेबल मांडलं होतं. तिथे टोपली दाखवायची, बाई बघणार, वाईट ते काढणार, चांगलं ते परत देणार. त्या टेबलासाठी नमुने हवे होते. म्हाताऱ्याने खरी खवली आणि खरी कडवी शेजारी ठेवून साचे काढले. छत्री नीट उतरली, पण दात काही साच्यातून निघेनात, सारखे तुटत. शेवटी त्याने कपडे घासायच्या ब्रशाचे केस कापले आणि एकेक करून चिकटवले. तेव्हा माझे दात म्हणजे ब्रशाचे केस, हे तुम्हाला सांगून टाकलं. कुणाला खोटे दात असतात, कुणाची खोटी माया असते, आपण उघडपणे सांगावं.

बुंध्याचा रंग मात्र त्याने जीव ओतून केला. निळा घ्यायचा, हिरवा घ्यायचा, खऱ्या कडवीशेजारी धरायचा, मान हलवायची, पुसायचा, पुन्हा घ्यायचा. शेवटी जमला तेव्हा तो मला म्हणाला, "लोक तुला शिव्या देतील. देऊ देत. तू आहेस म्हणून ते तिला खाऊ शकतील." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. म्हातारा बहुधा चांगला माणूस होता.

पुढची कितीतरी वर्षं मी त्या टेबलावर काढली. तपासनीस बाई जाडजूड, चष्म्याच्या काचा त्याहून जाड, आणि जीभ धारदार. टोपली पुढे आली की ती आधी म्हणायची, मला तोंडं नका दाखवू, बुंधे दाखवा. कुणी जंगलातच बुंधे कापून आणले असतील तर त्याची सगळी टोपली कचऱ्यात. मग तो माणूस गयावया करायचा, आणि बाई मला उचलून उलटी धरायची, माझा बुंधा त्याच्या नाकापाशी नेऊन सांगायची की ही निळाई कापून फेकलीस, आता मी काय तुझं कपाळ बघून ओळखू?

खवलीला ती कधी अशी उलटी धरत नसे. खवलीवरून लोक हात फिरवत, यंदा हिच्यासारखी मोठी सापडली पाहिजे म्हणत. माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत. आया आपल्या रुसलेल्या पोरांना सांगत, कडवीसारखं तोंड करून बसू नकोस. काम दोघींचं सारखं, पण मान एकीला आणि वाभाडे दुसरीचे. मला राग यायचा. अजून येतो.

त्या गर्दीत एक बाई आपल्या दोन मुलींना घेऊन यायची. मोठीला सगळे थोरली म्हणत आणि लहानीला धाकटी. थोरली टोपलीला चिकटून उभी राहायची, एक जरी अळंबी कमी परत आली तर तपासनीस बाईशी वाद घालायची. धाकटी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून माझ्याकडे बघत राहायची. एकदा तिने माझ्या बुंध्यावर बोट फिरवलं आणि तपासनीस बाईला विचारलं की हिला कुणीच घरी नेत नाही का. बाई सहसा हसत नसे, त्या दिवशी हसली.

मुली मोठ्या झाल्या. आई गेल्यावर दोघींनी लाकूड कापायच्या कारखान्यासमोर, राहत्या घरातच, खानावळ काढली. दुपारचा भोंगा झाला की भुशाने माखलेले कामगार रांगेने तिथे जेवायला. थोरली रांधायची, माणसं सांभाळायची, हिशेब बघायची. धाकटी जंगलातून अळंब्या आणायची, वाळवायची, कुटायची आणि भांड्यांचा ढीग उपसायची. त्यांच्या सूपचं नाव होतं, आणि ते नाव होतं खवलीच्या पुडीमुळे. आईची रीत अशी होती की पूड शिजवायची नाही. हंडा उतरवायचा, चव बघायची, मीठ लागलं तर घालायचं, आणि वाढायला घेताना पूड वरून भुरभुरायची. म्हणजे वास पानापर्यंत जातो. थोरलीने ती रीत कधी मोडली नाही.

खानावळीच्या पाटीवर फक्त थोरलीचं नाव होतं. धाकटीने एकदा मागून पाहिलं, माझंही लाव ना गं. थोरली म्हणाली, बघू पुढे. ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, कारण गावाला दुसरं काय काम असतं?

मग तपासनीस बाई निवृत्त झाली. तिच्या जागी कुणी आलंच नाही. मंडईचे साहेब म्हणाले, आता लोक शहाणे झाले आहेत. टेबल गेलं. आम्हा दोघी बहिणींना मंडईच्या दाराशी काचेच्या कपाटात ठेवलं, शोभेला. आडवं निजवलं, म्हणजे छत्री, दात, दांडा सगळं दिसेल. काम गेलं तरी अजून लोक थांबून बघत, टोपलीतली अळंबी काचेला लावून ताडून पाहत. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

एकदा वरचे अधिकारी मंडई बघायला येणार म्हणून साहेबांनी रंगकाम काढलं. भिंती झाल्या, खांब झाले, आणि रंगाऱ्याचा मोर्चा आमच्याकडे वळला. माझा बुंधा बघून तो म्हणाला, साहेब, हिला खाली हिरवं-निळं काहीतरी आलंय. साहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, "ओल लागली असेल. बुरशी धरली असणार. मारून टाक वरून रंग." घ्या! बुरशीलाच बुरशी लागली! रंगाऱ्याला घासायचा कंटाळा होता. त्याने खवलीसाठी कालवलेला तपकिरी रंग माझ्या बुंध्यावर फासला, दोन हात. म्हाताऱ्याने पुसपुसून जमवलेला रंग ओल्या भिंतीचा डाग ठरला. वर तो रंगारी म्हणतो कसा, आता दोघी कशा सारख्या दिसतात.

त्याच वर्षी कारखान्याच्या व्यवस्थापकाने थोरलीला बोलावून घेतलं. कारखान्यातच जेवणघर काढायचं होतं. आधी एक दिवस सगळ्या कामगारांना जेवू घाल, आम्हीही जेवू, पसंत पडलं तर जेवणघर तुझं. थोरलीचे पाय जमिनीला लागेनात. तिने धाकटीला सांगितलं, दरवर्षीपेक्षा दुप्पट पूड लागेल. हेही म्हणाली, की हे एकदा हातात आलं की नव्या पाटीवर दोघींची नावं. धाकटीने त्यासाठी जंगल पालथं घातलं. नेहमीच्या जागा संपल्या म्हणून ती आतवर गेली, आणि तिथे दोन्ही तऱ्हेची झाडं मिसळलेली होती. तिने रीतीप्रमाणे एक चाखली. ती नेमकी खवली निघाली.

परत येताना टोपलीत काहींचे बुंधे तिला निळसर दिसले. ती थबकली. सरळ घरी न जाता मंडईत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. एक अळंबी तिने काचेला लावली, निळ्या बुंध्याची, शंभर टक्के कडवी. मित्रांनो, माझं खरं रूप काचेपलीकडे तिच्या हातात होतं आणि मी इथे दुसऱ्याचा रंग लावून पडले होते. तिने माझ्या बुंध्याकडे निरखून पाहिलं. पुन्हा हातातल्या बुंध्याकडे पाहिलं. बराच वेळ लावला तिने, उगाच घाई केली नाही. मग स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे मलाच चुकीचं आठवत होतं." निळाई मातीची असेल असं समजून तिने बुंध्यावरून फडकं फिरवलं, आणि घरी गेली.

तिला आठवत होतं तेच बरोबर होतं. पण लहानपणापासून तिला शिकवलं होतं, शंका आली तर नमुन्याकडे बघ. तिने तेच केलं. माझ्यासारखी नकटी, कडवी, कुणाला नको असलेली वस्तू, तिच्यावर त्या मुलीने आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास टाकला. त्या क्षणी मला वाचा असती तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. मंडईत सगळं ऐकू येतं. अळंब्या वाळल्या, कुटल्या गेल्या. पुडीचा वास घेऊन थोरली खूश झाली, वास आम्हा दोघींचाही चांगलाच असतो. जेवणाच्या दिवशी तिने हंडा उतरवला, चव बघितली, उत्तम. मग वाढताना मूठमूठ पूड वरून घातली. पहिला घोट घेतला तो व्यवस्थापकाने. त्याने चमचा खाली ठेवला, पाणी मागितलं आणि उठून गेला. मागे कामगार थुंकत होते, कुणी हसत होतं, कुणी भांडं लोटून पाव कोरडाच खात होतं. जेवणघर त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला तरी मिळालं.

थोरलीने पुडीची बरणी उघडून बोट लावलं आणि तिला समजलं. खानावळीच्या अंगणात, सगळ्या कामगारांसमोर, तिने धाकटीला विचारलं, "पाटीवर नाव नाही लावलं म्हणून माझ्या हंड्यात कडू कालवलंस ना?"

धाकटी म्हणाली की ताई, मी मंडईत जाऊन ताडून बघितलं, कडवीचा बुंधा तिथे तपकिरी आहे. थोरली म्हणाली, लहानपणापासून मी तो निळा बघते आहे, मला शिकवू नकोस. चल, दाखवते, असं धाकटी म्हणाली. थोरली म्हणाली, मला काही बघायचं नाही. त्या वेळी ती दहा-पंधरा मिनिटं चालली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण राग आला की माणसाला चालवत नाही, फक्त बोलवतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी एकटी मंडईत आली, कुणाला तरी माझा बुंधा दाखवून साक्षीला न्यावं म्हणून. पण साहेबांचे कान तिच्या आधी टवकारले होते. सकाळीच त्यांनी आम्हा दोघींना कपाटातून काढून अडगळीच्या खोलीत टाकलं होतं. भिंतीआडून मी त्यांचा आवाज ऐकला. धाकटीला ते सांगत होते, "बाई, ते नमुने मोडले, टाकून दिले. आणि कडवी निळीच होती की. सगळ्या गावाला ठाऊक आहे." मग धाकटीच्या पायांचा आवाज लांब गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फरक एवढाच की या संन्याशाला वाटू लागलं, आपणच चोर असू.

त्या आठवड्यात ती गाव सोडून गेली. दुसऱ्या गावी एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासते, असं पुढे कानावर आलं.

अडगळीत काय दिवस काढले ते विचारू नका. खवलीवर कुणीतरी खुर्ची टाकली आणि तिचे दोन तुकडे झाले. आयुष्यभर तिचा हेवा केला, पण तिचे तुकडे केरात गेले तेव्हा मला एकटं वाटलं. मग मंडई पाडून नवी बांधायची ठरली आणि जुनं सामान अंगणात विकायला मांडलं. थोरली आली बरण्या घ्यायला. तिने बरण्यांचं एक खोकं उचललं. त्या खोक्यात, बरण्यांच्या मधल्या फटीत, मी होते.

घरी जाऊन तिने बरण्या बाहेर काढल्या आणि मी तिच्या हाताला लागले. आधी तिने मला ओळखलंच नाही. मग छत्री बघितली, बारीक चिकटलेले खवले बघितले, दात बघितले आणि मला उलटं केलं. तपकिरी बुंधा. ती तशीच उभी राहिली. मग अंगठ्याच्या नखाने तिने रंग खरवडला. पापुद्रा निघाला आणि खाली निळं दिसलं. तिने आणखी खरवडलं, नखात रंग जाईपर्यंत. मग ती चुलीपाशी जमिनीवर बसली. मला वाटलं, झालं. आता ही उठेल, गाडी पकडेल, धाकटीला घेऊन येईल.

ती उठली. भांडी विसळली. मला फडक्यात गुंडाळलं आणि फडताळात सगळ्यात वर, त्याच बरण्यांच्या मागे ठेवून दिलं.

का, ते मला सांगता येणार नाही, पण अंदाज आहे. गावाने तिची कीव केली होती. बिचारी, सख्ख्या बहिणीनेच घात केला, असं म्हणून कामगार तिच्याकडेच जेवत राहिले होते. जेवणघर गेलं तरी तिची इज्जत शाबूत होती, आणि ती उभी होती धाकटीच्या बदनामीवर. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मला फोडू शकली असती, पण तिने फोडलंही नाही. अधूनमधून फडताळ उघडायची, फडक्यावरून हात लावून मी आहे ना बघायची, आणि दार लावून घ्यायची. तिच्याकडे जेवणाऱ्यांपैकी कुणी धाकटीचा विषय काढला तर म्हणायची, जाऊ दे ते. याला लोक तिचं मोठं मन समजत.

असंच चाललं असतं. पण एका पावसाळी दिवशी थोरली ओट्यापाशी घसरली आणि पाय मोडला. शेजारणीने धाकटीला फोन केला. आणि धाकटी आली, मित्रांनो. एवढं होऊनही आली. केस पिकले होते, हात सोड्याने फाटले होते. तिने पदर खोचला, घर झाडलं, बहिणीला न्हाऊ घातलं, उशी फुगवून पाठीशी दिली. थोरलीच्या पायाला प्लास्टर आणि मीही प्लास्टरची. एकीला जागचं हलता येत नव्हतं आणि दुसरीला बोलता.

धाकटी स्वयंपाक करायची, पण सूप साधं असायचं. थोरलीने एकदा विचारलं, जंगलात जात नाहीस का आता. तर म्हणाली, तेव्हापासून अळंबी हातात धरली नाही, मला ओळखता येत नाही. बाजारातून भाजी आणली तरी दोनदा कुणाला तरी विचारून घेते. हे ती अगदी सहज म्हणाली. थोरलीने भिंतीकडे तोंड केलं.

मग एका दुपारी मीठ संपलं आणि धाकटी फडताळातली वरची बरणी काढायला स्टुलावर चढली. थोरली खाटेवरून ओरडली, तिथे नाही, तिथे काही नाही. पण धाकटीच्या हाताला फडकं लागलं होतं. तिने ते खाली आणून टेबलावर सोडवलं. मला बघून तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, खरं सांगते, जुनं माणूस भेटल्यासारखा. मग तिने मला उलटं केलं. अर्धा बुंधा तपकिरी, अर्धा निळा आणि त्यावर नखाचे ओरखडे. फडक्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली होती. धुळीवरून तिला सगळं कळलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

थोरली म्हणाली, "सांगणारच होते गं."

"मला इतकी वर्षं वाटत होतं, माझेच डोळे खोटे," धाकटी म्हणाली. एवढंच. ती रडली नाही, भांडली नाही. तिने स्टूल जागेवर ठेवलं, शेजारणीकडून वाटीभर मीठ आणलं आणि सूप पुरं केलं. पण मला तिने परत वर ठेवलं नाही. जेवायच्या टेबलावर मधोमध ठेवलं, उलटं, खरवडलेला बुंधा वर करून. त्या दिवसापासून दोन्ही वेळचं जेवण माझ्या दोन बाजूंना. एकीने वाढायचं, दुसरीने खायचं. मीठ दे, पाणी दे, यापलीकडे बोलणं नाही. आयुष्यभर लोकांनी मला जेवणापासून लांब ठेवलं होतं, आणि आता मी रोज पंगतीला होते.

थोरलीच्या पायाचं प्लास्टर निघालं. ती काठी घेऊन घरात चालू लागली तेव्हा धाकटीने पिशवी भरली. थोरली दारापर्यंत आली आणि तिचा हात धरून म्हणाली, मला माफ कर, माझं चुकलं.

धाकटीने हात सोडवून घेतला नाही. ती म्हणाली, "मला नको सांगूस, ताई. मला माहीत आहे की मी कालवलं नव्हतं. अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली होतीस ना, तिथे जाऊन सांग. सांगितलंस की मला कळव, मी येईन." आणि ती गेली.

त्याला बरेच दिवस झाले. समोरच्या कारखान्याचा भोंगा अजून रोज दुपारी होतो. तो झाला की अंगणात कामगार गोळा होतात, त्यांत काही जुनेही आहेत, तो दिवस पाहिलेले. थोरली चपला घालते, मला टेबलावरून उचलते, बुंधा वर करून हातात धरते आणि उंबऱ्यापर्यंत जाते. तिथे उभी राहते. बाहेरून कुणीतरी हाक मारतं, काय मावशी, आज काय केलंय? ती म्हणते, काही नाही रे, बसा, वाढते. मग ती मागे फिरते, मला जागेवर ठेवते आणि चपला काढते. माझ्या बुंध्यावर आता तिच्या बोटांचे तेलकट ठसे पडले आहेत.

मित्रांनो, माझी मागणी फार मोठी नाही. एखादी वस्तू कुरूप दिसली, तिचा रंग तुम्हाला डाग वाटला, तर ब्रश उचलण्याआधी कुणालातरी विचारा की तो तिथे का आहे. आणि कुणावर चारचौघांत आळ घेतला असेल, आणि तो खोटा निघाला, तर तो चारचौघांतच परत घ्या, कळलं त्याच दिवशी, पाय धड आहेत तोवर. घरात कुजबुजून परत घेतलेला आळ परत घेतला असं होत नाही. उशीर झाला की उंबरा उंच होत जातो. थोरली काही वाईट बाई नाही, मी तिला रोज जवळून बघते. पण धाकटीचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, आणि थोरलीने तो अजून लावलेला नाही.